दावणीचा जमाखर्च : कॅम्प, कृष्णाकाठ आणि जनावरांची वीण

इतिहासाच्या ग्रंथांत राजे येतात, किल्ले येतात, तह आणि लढाया येतात. परंतु ज्या बैलांनी तोफा ओढल्या, ज्या गाईंनी ते बैल दिले आणि ज्या म्हशींच्या दुधावर शहरे वाढली, त्यांच्यासाठी त्या ग्रंथांत एखादे पानही क्वचितच राखून ठेवलेले आढळते. बेळगावचा किल्ला १८१८ साली इंग्रजांच्या हाती गेला, हे आमच्याकडील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्या किल्ल्यापुढे तोफा आल्या कशा, त्या ओढणारे बैल कोणत्या गोठ्यात जन्मले आणि ते बैल जन्मावेत म्हणून कोणी काय हिशेब ठेवला होता, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आज आम्ही तोच प्रश्न हाती घेत आहोत.

जनावरांची वीण मोजणे आणि वीण राखणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. पण पहिल्यावाचून दुसरे होत नाही. किती वासरे झाली हे ज्याला सांगता येत नाही, त्याला कोणती वासरे राखावीत हेही सांगता येत नाही. बेळगावचा कॅम्प, उत्तरेकडचा कृष्णाकाठ, निपाणी-चिकोडीचा टापू आणि घाटाखालचा कोंकणी मुलूख एवढ्याच प्रदेशाकडे पाहिले तरी गेल्या दीड-दोनशे वर्षांत या विधानाचा पडताळा वारंवार आलेला दिसतो.

राजांचे बैल

या कथेचा आरंभ दक्षिणेस, म्हैसुरात होतो. सतराव्या शतकाच्या अखेरीस चिक्कदेवराज वोडेयर याने राजवाड्यातील दूधलोण्यासाठी एक खाते उभे केले. त्याचे नाव बेण्णे चावडी, म्हणजे लोण्याची चावडी. टिपू सुलतानाने त्यालाच ‘अमृतमहाल’ हे नाव दिले आणि त्याचे मुख्य काम सैन्यासाठी बैल पुरविणे हे ठरविले. या खात्याची चराऊ राने राखीव होती, कळप ठरलेले होते आणि कळपांवर अधिकारी नेमलेले होते. १७९९ साली टिपू पडला आणि हे कळप इंग्रजांकडे गेले. १८०३ साली आर्थर वेलस्ली म्हैसुराहून दक्षिण महाराष्ट्रातून पुण्याकडे निघाला, तेव्हा त्याच्या तोफांची व रसदीची भिस्त याच बैलांवर होती. चपळ, काटक आणि उपाशीपोटीही मजल मारणारे हे बैल त्याच्या पत्रव्यवहारात कौतुकाचा विषय झाले आहेत.

यानंतरची हकीकत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १८६० साली खर्चात काटकसर म्हणून इंग्रज सरकारने अमृतमहालाचे कळप मोडले व जनावरे विकून टाकली. थोड्याच वर्षांत लष्कराला चांगल्या बैलांची चणचण भासू लागली आणि १८६६ साली तेच खाते पुन्हा उभारावे लागले. विकणे एका हुकुमासरशी झाले. पुन्हा कळप जमविण्यास मात्र गावोगाव हिंडून, उरलेसुरले वाण शोधून, नव्याने आरंभ करावा लागला. एका गाईच्या पोटी कालवड येऊन ती कालवड पुन्हा विण्यास चार वर्षे जातात. ही चार वर्षे कोणत्याही सरकारी हुकुमाने दोन होत नाहीत.

उत्तरेस कृष्णाकाठी याच सुमारास निराळा प्रयोग चालला होता. सांगली आणि दक्षिण मराठा प्रांतातील इतर संस्थानिकांपुढे प्रश्न तोफांचा नव्हता, काळ्या जमिनीचा होता. अथणी, रायबाग, मिरज या बाजूची चिकण काळी माती पावसाळ्यात पायाला धरून ठेवते. तेथे अमृतमहालाचा हलका, चपळ बैल उपयोगी पडत नाही. तेथे हवा वजनदार, संथ, पण एकदा खांदा दिला की न हटणारा बैल. यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गुजरातेतील गीर व कांकरेज, आंध्रातील ओंगोल आणि स्थानिक म्हैसुरी वळणाच्या गाई यांचे रक्त एकत्र आणून जी जात घडली, तीच आज ‘कृष्णा व्हॅली’ म्हणून ओळखली जाते. सांगलीच्या राजांनी त्यासाठी निवडक वळू राखले होते, असे सांगतात. अंगाने भारी, रंगाने बहुधा पांढुरके, कातडी सैल अशी ही जनावरे चिंचलीच्या मायाक्कादेवीच्या जत्रेतील बैलबाजारात एके काळी मानाने उभी राहत.

या दोन प्रयोगांत एक साम्य आहे. हेतू स्पष्ट होता आणि वळू निवडून ठेवलेला होता. पण दोन्हींत गाईचे पुस्तक नव्हते. कोणती गाय कितव्या महिन्यात पुन्हा गाभण राहिली, तिच्या किती कालवडी जगल्या, त्यांतील किती पुढे व्याल्या, हे एका ठिकाणी लिहून ठेवण्याची चाल आमच्याकडे पडली नाही. राजाचा आश्रय होता तोवर निवड होत राहिली. आश्रय गेला, पुढे नांगराच्या जागी ट्रॅक्टर आला, आणि जात कोणाच्याही ध्यानीमनी नसताना विरळ होत गेली.

कॅम्पातील वही

बेळगाव शहर पूर्वेकडील किल्ला आणि पश्चिमेकडील छावणी यांच्या मधोमध वसले आहे. या छावणीलाच लोक कॅम्प म्हणतात. पलटणी आल्या, त्यांच्यामागून बाजार आला, भटारखाने आले, गवळी आले. गोऱ्या सोल्जरांना दूध आणि लोणी नित्य लागे, आणि ते प्रथम बाजारातूनच येई. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातील छावण्यांत विषमज्वराने सोल्जर मोठ्या संख्येने दगावू लागले. गढूळ पाणी आणि त्याच पाण्याने वाढविलेले दूध यांकडे डॉक्टरांचे बोट वळले. लष्कराने स्वतःच्या ताब्यातील दुग्धालये काढण्याचे ठरविले, आणि पहिला लष्करी डेअरी फार्म १ फेब्रुवारी १८८९ रोजी अलाहाबाद येथे सुरू झाला. पुढे देशभरच्या छावण्यांच्या कडेला असे फार्म निघाले. बेळगावच्या कॅम्पाजवळचा डेअरी फार्म हा त्यांपैकीच एक.

या फार्मांनी आमच्याकडे परदेशी वळू आणले, साहिवालसारखी पंजाबी गाय दूरवर नेली, हे सर्व लोक सांगतात. परंतु आमच्या मते त्यांनी आणलेली सर्वांत मोठी गोष्ट वळू नव्हे, वही होय. फार्मावरील प्रत्येक जनावराला क्रमांक असे. त्या क्रमांकाच्या पानावर जन्माची तारीख, आई व बाप यांचे क्रमांक, पहिल्या माजाची व फळविल्याची तारीख, गाय उलटली असल्यास तीही तारीख, विण्याची तारीख, वासराचे वजन आणि रोजच्या दोन्ही धारांचे तोललेले दूध यांची नोंद होई. गाय म्हातारी झाली वा भाकड राहिली की त्याच पानाच्या आधारे ती कळपातून काढून लिलावात विकली जाई.

ही कल्पना इंग्रजांच्याही दृष्टीने फार जुनी नव्हती. इंग्लंडात रॉबर्ट बेकवेल याने अठराव्या शतकात निवडक विणीचे तंत्र गाजविले. शॉर्टहॉर्न जातीचे वंशपुस्तक १८२२ साली प्रसिद्ध झाले. आणि डेन्मार्कातील व्हेयेन येथे १८९५ साली शेतकऱ्यांनी एकत्र येऊन गाईगणिक दूध तोलून लिहिण्याचा पहिला सहकारी संघ काढला. म्हणजे वहीचे शास्त्र युरोपातील साध्या शेतकऱ्याच्या गोठ्यात पोहोचले, त्याच सुमारास ते आमच्या छावण्यांतही आले. फरक एवढाच, की तेथे ती वही शेतकऱ्याची होती. येथे ती तारेच्या कुंपणाआड राहिली.

विणीचा हिशेब

त्या वहीतून काय निघते, हे वाचकांनी थोडा धीर धरून पाहावे अशी आमची विनंती आहे. कारण पुढील सर्व इतिहासाची किल्ली या हिशेबात आहे.

जन्माचे प्रमाण काढण्याची सोपी वाटणारी रीत अशी, की वर्षातील वासरांची संख्या घ्यावी आणि गावातील एकूण जनावरांनी भागावी. ही रीत फसवी आहे. समजा, एका गावात ३०० जनावरे आहेत. त्यांत १८० बैल, विणाऱ्या वयाच्या ६० गाई आणि बाकीची ६० लहान. वर्षात ४० वासरे झाली. एकूण जनावरांवर हिशेब केला तर शेकडा १३ पडतात. विणाऱ्या गाईंवर केला तर शेकडा ६७. आता गावात ट्रॅक्टर आले आणि बैल १८० चे ९० झाले, तर पहिल्या रीतीने प्रमाण शेकडा १९ वर चढते. एकही गाय लवकर व्यालेली नसते. केवळ बैल विकले गेलेले असतात! म्हणून जाणता पशुपालक नेहमी विणाऱ्या माद्यांवरच प्रमाण काढतो.

त्याहून बारीक माप म्हणजे दोन वेतांमधील अंतर. गाय सुमारे २८० दिवस गाभण असते. व्याल्यानंतर १२० दिवसांत ती पुन्हा गाभण राहिली, तर दोन वेतांत ४०० दिवसांचे अंतर पडते. वर्षाच्या ३६५ दिवसांना ४०० ने भागावे. शंभर गाईंमागे वर्षाला ९१ वासरे येतात. हेच अंतर दीड वर्षाचे, म्हणजे ५४५ दिवसांचे झाले, तर वासरे ६७ च. गाय दर २१ दिवसांनी माजावर येते आणि माज बहुधा एका दिवसाच्या आतच ओसरतो. गुराख्याची नजर एकदा चुकली की २१ दिवस गेले. पाच वेळा चुकली की साडेतीन महिने गेले. त्या महिन्यांत गाय खाते, पण देत काहीच नाही.

आता या दोन कळपांचा पुढचा हिशेब पाहू. शंभर गाईंच्या कळपातून म्हातारपण, आजार वा वांझपणा यांमुळे वर्षाला २० गाई कमी होतात असे धरू. तेवढ्या कालवडी घरच्या घरी तयार व्हायला हव्यात. पहिल्या कळपात सुमारे ९० वासरे. त्यांतील निम्म्या, म्हणजे ४५ कालवडी. निगा चांगली असल्याने ५ दगावल्या, तरी ४० उरतात. हव्यात २०. म्हणजे मालकाला दोहोंतून एक निवडता येते. दुसऱ्या कळपात सुमारे ६६ वासरे, त्यांत ३३ कालवडी. निगा बेताची असल्याने एकतृतीयांश गेल्या, उरल्या २२. हव्यात २०. येथे निवड कसली करायची? लंगडी, खुरटी, जी जगली ती ठेवायची!

जात सुधारणे म्हणजे निवड, आणि निवड करण्यासाठी शिल्लक हवी. ज्या कळपाची वीण मंद, त्याच्याजवळ शिल्लक नाही. अशा कळपावर कितीही उंची वळू आणून सोडला, तरी आईच्या बाजूने निवड होऊ शकत नाही. आमच्या खेड्यांतील जनावरांची जात खालावत गेली, याचे कारण लोकांना चांगल्या गाईची पारख नव्हती हे खास नव्हे. गाभण गाय कासेवरून, चालीवरून आणि डोळ्यांवरून ओळखणारी माणसे प्रत्येक गावात होती. पारख होती, पण पारखून बाजूला काढण्याइतकी वासरे नव्हती.

१९२४ : बेळगाव आणि ह्यूस्टन

१९२४ च्या डिसेंबरात बेळगावास महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्या अधिवेशनाच्या आठवणी या भागातील घराघरांत आहेत. मात्र त्याच दिवसांत, २८ डिसेंबर रोजी, येथेच गोरक्षण परिषदही भरली आणि तिचे अध्यक्षपदही गांधीजींकडेच होते, याची आठवण तितकीशी राहिलेली नाही. गाईची हेळसांड मुख्यतः गाईला माता म्हणणाऱ्यांच्याच हातून होते, हा गांधीजींचा विचार. गोरक्षण म्हणजे केवळ पांजरपोळ नव्हे. उत्तम दुग्धालये, चांगली पैदास, मेलेल्या जनावरांच्या कातड्याचा नीट उपयोग हे सर्व त्यात येते, असे ते मानीत. १९२५ साली मुंबईस स्थापन झालेल्या अखिल भारतीय गोरक्षा मंडळाच्या कार्यक्रमात या गोष्टी आल्या. १९२७ साली बंगळूरच्या सरकारी दुग्धालयात जाऊन गांधीजींनी हे शास्त्र स्वतः समजावून घेतले.

त्याच १९२४ साली, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस, अमेरिकेतील टेक्सास प्रांतात ह्यूस्टन येथे काही पशुपालकांनी एक संघ स्थापिला. त्यांच्या गुरांचे नाव ‘ब्राह्मण’. ती घडली होती हिंदुस्थानातील कांकरेज, ओंगोल व गीर यांच्या रक्तापासून, आणि तिच्यात थोडा अंश आमच्या कृष्णाकाठच्या जनावरांचाही होता. त्या संघाने पहिले काम केले ते वंशपुस्तक उघडण्याचे. पुढे ही जात उष्ण प्रदेशांतील अनेक देशांत पसरली. एकाच वर्षी बेळगावात गाईसाठी कळकळीचे ठराव झाले आणि ह्यूस्टनमध्ये गाईसाठी एक कोरी वही उघडली गेली. कळकळ थोर होती, यात शंका नाही. परंतु वहीवाचून कळकळ किती दूर जाते, हे कृष्णाकाठच्या रिकाम्या दावणी सांगतात.

सरकार अगदीच स्वस्थ बसले होते असे नाही. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही शेतकी आयोगाने १९२८ च्या अहवालात हाच फेरा वर्णिला. जनावरे पोसण्याची स्थिती जितकी वाईट, तितकी ती संख्येने अधिक ठेवावी लागतात; आणि संख्या वाढली की वैरण आणखी कमी पडते. चांगला बैल मिळण्याची खात्री नसली की शेतकरी चार गाई अधिक बाळगतो. चार तोंडे वाढली की कोणाचेच पोट भरत नाही. पोट भरले नाही की गाय माजावर येत नाही. १९३३ साली मुंबई इलाख्यात पशुसुधारणेचा कायदा झाला. नेमलेल्या भागांत परवान्यावाचून वळू ठेवू नये, निकृष्ट खोंड खच्ची करावेत, असा त्याचा रोख होता. बेळगाव जिल्हा तेव्हा त्याच इलाख्यात होता.

पण येथे कायद्याची गाठ जुन्या श्रद्धेशी पडली. देवाच्या नावाने वळू सोडण्याची, गावदेवीच्या नावाने रेडा सोडण्याची चाल या भागात परंपरेने चालत आलेली. ती मुळात मूर्खपणाची नव्हती. गावातील उत्तम खोंड निवडून मोकळा सोडायचा, त्याला कोणी हाकलायचे नाही, कोणाच्याही शेतात त्याने चरावे आणि गावच्या सर्व गाईंना तो मिळावा, ही एक सार्वजनिक सोयच होती. मात्र पुढे पुढे उत्तम खोंड शेताला ठेवायचा आणि जो विकत नाही तो देवाला सोडायचा, असे होऊ लागले. दुसरा दोष त्याहून खोल. तोच वळू गावात सहा-सात वर्षे राहिला, तर तिसऱ्या वर्षापासून त्याच्या स्वतःच्या लेकी माजावर येऊन त्याच्याच समोर उभ्या राहतात. बापलेकीच्या संयोगातून खुरटी, दुबळी वासरे निपजतात. वहीत बापाचे नाव असते तर तीन वर्षे होताच तो वळू शेजारच्या गावी पाठवून तेथील वळू इकडे आणता आला असता. नाव नव्हते, म्हणून हे कोणाला दिसले नाही.

गवळ्याच्या मनातील वही

येथे कोणी म्हणेल, की वहीवाचून काहीच टिकत नाही असे असेल तर पंढरपुरी म्हैस कशी टिकली? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर कॅम्पातील गवळीवाड्यात सापडते.

लांब, तलवारीसारखी मागे गेलेली शिंगे असलेली ही म्हैस पंढरपूर-सोलापूरपासून कोल्हापूर, सांगली आणि बेळगावपर्यंत पसरली आहे. कोल्हापुरात गवळी ती दारोदार नेऊन गिऱ्हाइकासमोर धार काढून देत, आणि तेथील कट्ट्यावर उभे राहून धारोष्ण दूध पिण्याची रीत तर प्रसिद्धच आहे. ज्याचे दूध गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत भांड्यात पडते, त्याला पाणी घालता येत नाही. त्याला दूध वाढवायचे तर म्हैसच चांगली ठेवावी लागते. वर्षभर रतीब घालायचा तर सगळ्या म्हशी एकदम आटून चालत नाही. म्हणून दावणीला दहा म्हशी असलेल्या गवळ्याला दहाही म्हशींचे महिने तोंडपाठ असत. ही श्रावणात व्याली, ही मार्गशीर्षात उलटली, हिचा माज मुका आहे म्हणून रेडा लावून पाहायचा, ही दोन महिने आटवून ठेवायची. म्हैस सुमारे ३१० दिवस गाभण असते, म्हणजे गाईपेक्षा महिनाभर अधिक. तिचा माज पुष्कळदा ओरडत नाही. एवढ्या अडचणींतही पंढरपुरी म्हैस बेताच्या वैरणीवर नियमाने विते असा जो तिचा लौकिक आहे, तो पिढ्यान्‌पिढ्या नियमाने विणारीच ठेवली गेली म्हणून.

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापूर आणि बेळगाव येथील गवळी म्हशींना न्हाऊ-माखू घालून, शिंगे रंगवून, गळ्यांत घुंगूर व कवड्यांच्या माळा घालून रस्त्यांवरून पळवतात. पाहणाऱ्याला तो खेळ वाटतो. आम्हांला त्यात वर्षाची हजेरीही दिसते. कोणाची म्हैस कशी अंगावर आली, कोणाची भाकड राहिली, कोणाच्या वगारीने कास धरली, हे सर्व समाज त्या एका दिवशी डोळ्यांनी तपासतो. वही कागदाची नव्हती, पण ती होती. आणि ती रोज पहाटे वाचली जात होती. कृष्णाकाठच्या गाईला असा रोजचा वाचक मिळाला नाही. तिची किंमत तिच्या बैलात होती आणि बैल चार वर्षांनी एकदा विकला जाई.

घाटाखाली गोमंतकातील लहान चणीच्या पांढऱ्या गाईची गोष्ट आणखी निराळी. डोंगरउतारावर चरून, मुसळधार पाऊस सोसून ती शतकानुशतके राहिली. परंतु तिला जात म्हणून नाव नव्हते, आणि ज्याला नाव नाही त्याची शिरगणतीत वेगळी मोजदाद होत नाही. अलीकडे ‘श्वेत कपिला’ या नावाने तिची राष्ट्रीय यादीत नोंद झाली, तेव्हा कोठे ती किती उरली आहे हे विचारण्याची सोय झाली.

रेतन, संकर आणि पाच-अष्टमांश

१९३९ साली म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धालयात डॉ. संपतकुमारन यांनी हिंदुस्थानातील पहिले कृत्रिम रेतन यशस्वी केले. जेथे लोण्याची चावडी निघाली होती त्याच राजघराण्याच्या गोठ्यात ही क्रांती व्हावी, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे. नैसर्गिक रीतीने एक वळू पन्नास-साठ गाईंना पुरतो. रेतनाने तोच हजारोंना पुरू लागला, आणि उणे १९६ अंशाच्या द्रव नायट्रोजनात वीर्य गोठविण्याची सोय झाल्यावर वळूच्या मरणानंतरही त्याची वासरे जन्मू लागली. लष्करी फार्मांनी हे तंत्र लवकर उचलले. महाराष्ट्रात उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ साली स्थापिलेल्या ‘बाएफ’ने ते शेतकऱ्याच्या दारात नेले. गाय दवाखान्यात न्यायची नाही, तंत्रज्ञाने सायकलीवरून गोठ्यात जायचे, हा त्यांचा बाणा. १९६३ साली निघालेल्या कोल्हापूरच्या ‘गोकुळ’सारख्या संघांनी रोजच्या दुधाला रोख दाम दिला, आणि गाभण राहिलेली गाय ही प्रथमच खेड्यात महिन्याच्या हिशेबाची बाब झाली.

लष्करी फार्मांवर १९८५ पासून ‘फ्रीजवाल’ ही नवी जात घडविण्याचे काम भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या सहकार्याने चालू झाले. तिच्यात फ्रीजियनचे रक्त शेकडा ६२.५ आणि साहिवालचे ३७.५. हा चमत्कारिक आकडा येतो कसा? फ्रीजियन वळू आणि साहिवाल गाय यांची वासरे निम्मी-निम्मी, म्हणजे शेकडा ५०. त्यांतील गाई पुन्हा फ्रीजियनला दिल्या की पुढची पिढी ७५ ची. ७५ आणि ५० यांचा संयोग केला की मध्य निघतो ६२.५, म्हणजे पाच-अष्टमांश. पुढे त्याच प्रमाणाच्या जनावरांचा आपसांत संयोग करीत गेले की प्रमाण स्थिर राहते. दुधाला परदेशी रक्त हवे, उन्हाला आणि गोचिडीला देशी रक्त हवे. त्या दोहोंचा हा तह. एका वेतात चार हजार किलो दूध हे त्याचे उद्दिष्ट होते. असा तह करायला प्रत्येक जनावराचा बाप, आजा आणि पणजा ठाऊक असावा लागतो. खेड्यात दाखला न ठेवता झालेल्या संकराचे हाल याच्या उलट झाले. पहिली पिढी भरघोस निघाली, पुढच्या पिढ्यांत कोणते रक्त किती हे कोणालाच सांगता येईना.

वही कोणाकडे?

स्वातंत्र्यानंतर लष्करी फार्मांची संख्या १३० पर्यंत गेली होती. सहकारी दुग्धव्यवसाय वाढला, बाजारात स्वच्छ दूध मिळू लागले आणि मूळ कारण उरले नाही. २०१७ साली उरलेले फार्म बंद करण्याचा निर्णय झाला. ३१ मार्च २०२१ रोजी दिल्ली छावणीत समारंभपूर्वक या संस्थेची १३२ वर्षांची वाटचाल संपली. जनावरे सरकारी खाती व सहकारी संघ यांना नाममात्र किमतीत देण्यात आली. फार्म चालू ठेवायला हवे होते असे आमचे म्हणणे नाही. सैन्याचे काम दूध काढणे नव्हे. परंतु १८६० सालच्या विक्रीची आठवण येथे होते ती एवढ्यासाठी, की कळप विखुरला म्हणजे केवळ जनावरे विखुरत नाहीत, त्यांचे दाखलेही त्यांच्यापासून तुटतात. वंशावळीवाचूनची उत्तम गाय ही बाजारात केवळ एक दुभती गाय असते.

आज प्रत्येक जनावराच्या कानात १२ आकडी क्रमांकाचा बिल्ला मारला जातो आणि त्या क्रमांकावर रेतन, लस व वेत यांची नोंद ठेवण्याची सोय आहे. कालवडीच व्हाव्यात अशा निवडलेल्या वीर्याच्या कांड्याही मिळतात. त्यांनी दहांतील नऊ वासरे मादी होतात. वर मांडलेल्या हिशेबात निम्म्याच्या जागी नऊ-दशांश धरून पाहावे, म्हणजे मंद विणीच्या कळपालाही निवडीला शिल्लक कशी उरते ते ध्यानात येईल. मात्र हीच कांडी एका-दोन गाजलेल्या वळूंचीच घेत गेलो, तर देवाला सोडलेल्या वळूचा जुना दोष गावापुरता न राहता जिल्ह्याएवढा होईल. आणि ज्या जातीच्या कांड्यांना मागणी नाही, ती कृष्णा व्हॅली या मार्गाने आणखी मागे पडेल.

१९५६ साली बेळगाव, चिकोडी, निपाणी हा भाग म्हैसूर राज्यात गेला. सांगली-मिरज पलीकडे राहिले. कृष्णाकाठच्या गाईचा मुलूख असा दोन राज्यांत विभागला. तिच्या कल्याणाची वही एका बाजूने कन्नडमध्ये आणि दुसऱ्या बाजूने मराठीत लिहिली जाणार, हे ओघानेच आले. गाईला त्याचे काही नाही. दोन्ही वह्यांतील क्रमांक एकमेकांशी जुळले, एकीकडचा वळू तीन वर्षांनी दुसरीकडे गेला, तर जे संस्थानिकांना आश्रयाने आणि छावणीला शिस्तीने साधले ते आम्हां सामान्य लोकांना सहकाराने साधेल.

गोठ्यातल्या तुळईवर खडूने घातलेली तारीख हीदेखील वहीच आहे. गाय कधी व्याली, कधी माजावर आली, कोणत्या वळूने फळली, या तीन तारखा ज्या घरात लिहिल्या जातात, त्या घरात पशुसंवर्धनाचा अर्धा इतिहास लिहिला गेला असे आम्ही समजतो. उरलेला अर्धा ती कालवड लिहील.